कात्रीनं पकडलेली शेवटची चोरी

सव्वीस वर्षं एका खात्यात घासली, तरी या माणसाला आईबापानं ठेवलेल्या नावानं कधी कोणी हाक मारली नाही. नाव होतं ते पगाराच्या कागदावर. बाकी ऑफिसात, गल्लीत, अगदी सासुरवाडीलासुद्धा तो कात्री. वीज कंपनीच्या जोडण्या तोडणाऱ्या तुकडीत तो लागला तेव्हा कमरेला पक्कड लटकवून फिरायचा. तो वळणावर दिसला की पोरं बोंबलायची, "कात्री आली रे, कात्री!" मग धडाधड दारं लागायची आणि खांबावर टाकलेले आकडे काठीनं खाली ओढले जायचे.

कात्रीचं माणसांबद्दल एकच मत होतं. माणसं एकजात लबाड. ऑफिसबद्दलही एकच मत होतं. ऑफिस एकजात गाढव. दोन्ही मतं बदलावीत असं सव्वीस वर्षांत काही घडलं नव्हतं, त्यामुळे ती चांगली घट्ट बसली होती. चोरी पकडण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कपडे वाळत घालायच्या तारेतून वीज नेणारा एक बहाद्दर त्यानं नुसत्या चादरीकडे बघून पकडला होता. चादर चार दिवस वाळत होती आणि तरी कोणी काढत नव्हतं. दुसऱ्या एकानं फुलझाडाच्या कुंडीतून वायर नेली होती. कात्रीनं त्याला विचारलं, "झाडाला पाणी का घालत नाही हो?" तो माणूस मटकन खालीच बसला.

बायको म्हणायची, "जगातल्या सगळ्यांची अक्कल काढता, एकदा आरशात बघा." कात्री म्हणायचा, "बघतो की. रोज दाढी करताना बघतो. तोही काही फार भला दिसत नाही."

आता हे असं तोंड असलेल्या माणसानं आजारी लोकांची काळजी वगैरे घ्यावी, हे कोणाला पटणार? त्यालाही पटलं नसतं. पण नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका घराचं दार त्यानं दोनदा वाजवलं, आतून उत्तर आलं नाही म्हणून शिव्या घातल्या आणि जोडणी तोडून निघून आला. आत एक म्हातारा अंथरुणाला खिळलेला होता. हाक मारण्याएवढी त्याच्या घशात ताकद नव्हती. मुलगी संध्याकाळी कामावरून आली तेव्हा तो बंद खोलीत उकाड्यानं अर्धमेला झाला होता. वाचला, पण मुलीनं ऑफिसात येऊन कात्रीला सगळ्यांसमोर जे सुनावलं, त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. कात्री मान खाली घालून ऐकत राहिला. साहेब म्हणाले, "नियमाप्रमाणे दार वाजवलं होतं ना? मग झालं." त्या दिवसापासून साहेब लोकांविषयीचं त्याचं मत आणखी एक इंच खाली गेलं.

त्यानंतर तो दार तीनदा वाजवू लागला आणि खिडकीतून डोकावू लागला. पलंगाशेजारी एखादं यंत्र दिसलं, नळी दिसली, की तो स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली लाल गोल चिकटी मीटरच्या काचेवर लावायचा. लाल ठिपका म्हणजे या घराला हात लावायचा नाही. बाकीचे वायरमनही ते पाळू लागले. ना अर्ज, ना शिक्का. डोळ्यांनी बघितलं, चिकटवलं, संपलं. त्या अख्ख्या विभागाचं आजारी माणसांना जपण्याचं धोरण एवढंच होतं आणि ते बिनबोभाट चालत होतं.

मग कंपनीला जाग आली. कंपनीला जाग आली की समजावं, आता कोणाची तरी झोप उडणार.

वरून एक गुळगुळीत पुस्तक आलं. 'नाजूक ग्राहक संरक्षण धोरण', पानं छत्तीस. मुखपृष्ठावर एक आजीबाई बल्ब हातात धरून हसत होत्या. घरात बल्ब असा हातात धरून कोण हसत बसतं, हे कंपनीलाच माहीत. पुस्तकासोबत एक तरुण साहेब आले. दाढी कोरलेली, छातीला 'मी काळजी घेतो' असा बिल्ला, आणि प्रत्येक वाक्यात 'संवेदनशील'. ते कात्रीला काका म्हणायचे. कात्रीला त्यांच्या सगळ्या गोष्टी सहन व्हायच्या, पण ते काका त्याच्या डोक्यात जायचं.

साहेबांनी आल्या आल्या दोन कामं काढली. पहिलं, सगळे जुने मीटर काढून नवे बसवायचे. नवा मीटर ऑफिसातल्या पडद्यावरून बंद करता यायचा. पक्कड नको, खांब नको, दार वाजवायला नको. दुसरं, उन्हाळ्यात वीज कमी पडते तेव्हा पूर्वी अख्ख्या वस्तीचं भारनियमन व्हायचं, ते आता घराघराला आळीपाळीनं करायचं. दुपारी दोन ते चार. यंत्रावर जगणारी घरं त्यातून वगळायची. ती कोणती, ते यादीत बघायचं. आणि यादी कुठे? तर यादी छत्तीस पानांच्या पुस्तकातला अर्ज भरून होणार. सोमवारपासून सुरुवात.

गुरुवारी कात्री भांडारात गेला आणि बघतो तर काय, ठेकेदाराच्या माणसांनी काढलेले जुने मीटर पोत्यांत भरून भिंतीला लावलेले. एका पोत्याचं तोंड उघडं होतं. वरच्याच मीटरवर लाल ठिपका. त्यानं पोतं पालथं केलं. लाल ठिपका, लाल ठिपका, आणखी एक. ठेकेदाराच्या कागदावर 'जुना मीटर काढणे' आणि 'नवा मीटर बसवणे' अशी दोनच कामं होती. चिकटी एका काचेवरून दुसऱ्या काचेवर लावण्याचं तिसरं काम कोणी लिहिलंच नव्हतं, आणि न लिहिलेलं काम करायला ठेकेदार काय त्यांचा मामा लागून गेला होता?

पोत्यात अकरा ठिपके सापडले. कात्री मीटरचे नंबर वहीत उतरवून दोन दिवस घरोघर हिंडला. तीन घरांतली माणसं मधल्या काळात वारली होती. सात घरांतल्या मुलाबाळांनी मोबाइलवरून अर्ज भरले होते आणि त्यांची नावं यादीत चढली होती. उरलं एक घर. ते बाईंचं.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. चाळीस वर्षं शाळेत शिकवून अख्ख्या वस्तीच्या बाई झालेल्या. वय पंच्याहत्तर, पाठ ताठ, जीभ त्याहून ताठ. घरात त्या आणि त्यांची धाकटी बहीण. धाकटी एके काळी टेलिफोन ऑपरेटर होती. आता तिची फुप्फुसं निकामी झाली होती आणि पलंगाशेजारचं ऑक्सिजनचं मशीन दिवसाचे चोवीस तास घुरघुरत असायचं. त्या मशीनची नळी नाकात घालून ती येणाऱ्या-जाणाऱ्याची खेचत बसायची.

बाईंचं आणि कात्रीचं कधी पटलं नव्हतं. कंपनीच्या नोटिशीतल्या शुद्धलेखनाच्या चुका बाई लाल पेननं दुरुस्त करून परत पाठवायच्या, आणि नोटीस आणणारा कात्री असल्यामुळे त्या चुकाही त्याच्याच आहेत असं धरून चालायच्या.

"या," त्या म्हणाल्या. "आज काय तोडायला आलात?"

"तोडायला नाही, विचारायला आलोय. बाई, यादीत नाव घातलं का?"

"मोबाइलवरचा अर्ज ग्राहकाच्या फोनवर येणारा नंबर मागतो, म्हणून तीन वेळा ऑफिसात गेले होते. तुमच्या त्या खिडकीवरची मुलगी म्हणते, ग्राहकानं समक्ष यावं."

"मग गेलात ना समक्ष?"

"ग्राहक मी नाही. जोडणी आमच्या वडिलांच्या नावावर आहे. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. मी मृत्यूचा दाखला दाखवला. तर म्हणते, ग्राहक मयत असेल तर अर्ज चालणार नाही, आधी नाव बदला. नाव बदलायला सगळ्या वारसांची सही हवी. आमचा भाऊ परदेशात आहे, वीस वर्षांत त्यानं पत्राला उत्तर दिलेलं नाही. आता सांगा, वडिलांना समक्ष कुठून आणू?"

पलंगावरून धाकटी म्हणाली, "मी सांगितलं हिला, थोडी थांब. मी लवकरच बाबांकडे चाललेय, मीच निरोप देते."

"गप्प बस गं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या नाकातली नळी सारखी केली.

कात्रीनं कोपऱ्यात उभं असलेलं सिलिंडर बघितलं. छोटं होतं. "किती वेळ चालतं हे?"

"पाऊण तास."

दोन ते चार म्हणजे दोन तास. पाऊण तासानंतर सव्वा तास उरतो, हे हिशेब न येणाऱ्यालाही कळलं असतं. कात्रीनं विचारलं, "दवाखान्यात नेऊन ठेवता येईल दुपारपुरतं?"

"रोज? दोन महिने? जिना उतरताना हिचे ओठ निळे पडतात," बाई म्हणाल्या. "तुम्ही यंत्रं बसवता, तुम्हाला माणसाचं काय कळणार!"

यावर एरवी त्यानं चांगलं सणसणीत उत्तर दिलं असतं. त्या दिवशी त्यानं सरळ ऑफिस गाठलं. शनिवार होता, तरी साहेब होते. सोमवारच्या कार्यक्रमाला वरचे साहेब येणार म्हणून भिंतीवर फलक लावायचं चाललं होतं. फलकावर तीच आजीबाई, तोच बल्ब.

कात्रीनं सगळं सांगितलं. मीटरचा नंबर दिला. एवढा एक नंबर सोमवारच्या पाळीतून काढा म्हणाला.

"काका, तुमची भावना मला पोहोचली," साहेब म्हणाले. हे त्यांनी प्रशिक्षणात शिकलेलं वाक्य होतं. महिन्याभरात कात्रीनं ते वीसदा ऐकलं होतं. "पण यादी यंत्रणेतून येते. मी हातानं नंबर काढू शकत नाही."

"पडदा तुमच्यापुढे आहे, हात तुमचे आहेत. काढू का शकत नाही?"

"मग सगळेच म्हणतील आम्हाला वगळा. पारदर्शकता नावाची काही गोष्ट असते ना? त्यांनी अर्ज करावा."

"अर्ज मेलेल्या माणसानं करायचा आहे, साहेब."

"त्यासाठी नाव बदलण्याची प्रक्रिया आहे. पान एकोणीस." साहेबांनी पुस्तक उघडूनही दाखवलं. पान एकोणीस अगदी तिथेच होतं, त्यात काही खोट नव्हती. "आणि काका, त्यांच्याकडे सिलिंडर असेलच की. लोक थोडं वाढवून सांगतात. तुम्ही एवढी वर्षं फील्डवर काढलीत, तुम्हाला माणसं कशी लबाड असतात हे मी काय सांगायचं?"

कात्री गार पडला. स्वतःचंच वाक्य या कोरलेल्या दाढीतून बाहेर पडलं होतं. सव्वीस वर्षं आपण जे तोंडानं बरळलो, ते हा माणूस मनापासून मानतो. आणि आपण बरळत होतो तेव्हा निदान खिडकीतून डोकावत तरी होतो.

"बरं," एवढंच म्हणून तो उठला.

घरी आल्यावर बायकोनं ताट वाढलं तर तो नुसता बसून राहिला. "काय झालं? चोर सुटला का कोणी?" तिनं विचारलं. त्यानं झाला प्रकार सांगितला. ती म्हणाली, "मग तोंडाची वाफ कशाला दवडताय? तुमच्या त्या कंपनीत असं एक तरी घर असेल ना, ज्याला हात लावायला सगळे टरकतात?"

ती सहज बोलून गेली. कात्री मात्र घास हातात धरून तिच्याकडे बघतच राहिला, कारण असं एक घर होतं. चोराचं.

गोष्ट अशी होती. मागे कधीतरी वायरमन लोक चोरी सापडली की तिथल्या तिथे आकडा काढून टाकायचे. मग केस कोर्टात गेली की न्यायाधीश विचारायचे, चोरी कुठे आहे, दाखवा. दाखवायला काहीच नसायचं आणि चोर मिशीला पीळ देत बाहेर पडायचे. तेव्हा कंपनीनं नियम केला. चोरी सापडली की कर्मचाऱ्यानं पंचनामा लिहावा, मीटरच्या पेटीला सील लावावं, आणि भरारी पथक येऊन बघेपर्यंत सगळं जसंच्या तसं ठेवावं. वायर तशीच, प्रवाहसुद्धा चालू, कारण चालू प्रवाह मोजल्याशिवाय चोरी किती ते कळत नाही. सील तोडणारा कंपनीचा साहेब असला तरी त्याच्यावर फौजदारी. आणि पथक? पथकात माणसं चार, गाडी एक, तीही बहुधा दुरुस्तीला. कात्रीनं मागच्या वर्षी पकडलेल्या चोऱ्यांपर्यंत पथक अजून पोहोचलं नव्हतं.

म्हणजे छत्तीस पानांचं धोरण एका आजारी बाईचा श्वास वाचवू शकत नव्हतं आणि दीड पानाचा नियम पुराव्याला मात्र तळहातावरच्या फोडासारखं जपत होता. कात्रीला हसू आलं. फार घाणेरडं हसू होतं ते.

"काय हो, वेड लागलं का?" बायकोनं विचारलं.

"चोरी करायची आहे," तो म्हणाला.

त्यानं बेत सांगितला तेव्हा ती आधी खवळली. निवृत्तीला सात महिने उरलेत, पेन्शन जाईल, लोक तोंडात शेण घालतील, आजवर ज्यांना पकडलंत ते सगळे दारावर येऊन नाचतील. सगळं बरोबर होतं आणि त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी ती म्हणाली, "पंचनाम्यात चोर म्हणून त्या म्हाताऱ्या बाईचं नाव घालणार?"

"छे. तिचं कशाला? ज्यानं केली त्याचं घालणार."

बायको ताट त्याच्यापुढे सरकवून म्हणाली, "जेवा आधी. उपाशीपोटी खांबावर चढलात तर खाली पडाल, आणि मग तेही माझ्याच गळ्यात."

रविवारी सकाळी अकरा वाजता, चांगल्या लख्ख उजेडात, कात्रीनं बाईंच्या मीटरची पेटी उघडली. खांबावरून येणारी तार मीटरच्या अलीकडे घराच्या तारेला थेट जोडली. मीटर नुसता शोभेपुरता उरला. आता पडद्यावरून तो शंभरदा बंद केला असता तरी घरातली वीज जाणार नव्हती. सव्वीस वर्षांत त्यानं असली जोडणी शेकडो वेळा पकडली होती, पण स्वतःच्या हातानं पहिल्यांदाच केली. इतकी देखणी चोरी त्या विभागात आजवर कोणी केली नसेल. वायर सरळ, टेप घट्ट, कुठे एक दोरा बाहेर नाही.

बाई दारात उभ्या होत्या. "हे काय चाललंय?"

"दुरुस्ती."

"नियमात बसते का?"

"एकदम चपखल," कात्री म्हणाला. पायरीवर बसून त्यानं छापील पंचनामा भरला, पेटीला शिसं आणि तारेचं सील लावलं, त्याच्यावर कंपनीची लाल पट्टी डकवली. बाई चष्मा शोधायला आत गेल्या, तेवढ्यात तो सटकला. कागद ऑफिसच्या आवक पेटीत टाकून त्यानं पोच घेतली. चौकीदारानं न वाचता शिक्का मारला. चौकीदाराचं सोडा, त्या ऑफिसात न वाचता शिक्का मारणं हीच पद्धत होती.

सोमवारी दोन वाजता वरच्या साहेबांनी टाळ्यांच्या गजरात पडद्यावरचं बटण दाबलं. चारशे बारा घरं बंद झाली. पंखे थांबले, लोक घामाघूम होऊन ओट्यावर आले आणि कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागले. बाईंच्या घरातलं मशीन घुरघुरत राहिलं. कात्री समोरच्या फुटपाथवर चार वाजेपर्यंत उन्हात उभा राहून तो आवाज ऐकत होता. धाकटी खिडकीतून ओरडली, "अहो कात्री, आत या, सरबत घ्या! चोरासारखे बाहेर काय उभे?" ती ओरडू शकत होती, हे ऐकून त्याला फार बरं वाटलं. तो आत मात्र गेला नाही.

मंगळवारी सकाळी साहेबांनी बोलावलं. टेबलावर पंचनामा होता. बिल्ला तिरका झाला होता.

"काका, हे काय आहे?"

"पंचनामा."

"चोरी पकडणारा म्हणून तुमची सही. चोरी करणारा म्हणूनही तुमचंच नाव?"

"मीच केली, मीच पकडली. यावेळी शोधायला फार त्रास पडला नाही."

"चेष्टा वाटते तुम्हाला? मी आत्ता माणूस पाठवतो आणि ती वायर काढून टाकतो."

"पाठवा की. पुराव्याला हात लावायचा लेखी हुकूम द्या, सही करा, आणि पाठवा. पुराव्याचा नियम अकरा वाचून घ्या मात्र आधी. तिथे आजीबाईचं चित्र नाही, पण सहा महिन्यांची कैद आहे."

साहेबांनी नियम वाचला. पुन्हा वाचला. वरच्या साहेबांना फोन लावला. वरच्या साहेबांनी काय सांगितलं कोण जाणे, पण फोन ठेवल्यावर साहेबांनी वायरचा विषय पुन्हा काढला नाही. एका आजारी बाईचा जीव जाईल हे ऐकूनही या माणसाचा हात शनिवारी हलला नव्हता. स्वतःवर केस होईल म्हटल्याबरोबर मंगळवारी तोच हात टेबलाखाली गेला. इतका स्वस्त माणूस कात्रीनं खांबावरच्या चोरांतही बघितला नव्हता. चोर निदान शॉक बसायची जोखीम तरी घेतात.

"तुम्हाला निलंबित करावं लागेल," साहेब म्हणाले. "पेन्शनही अडकेल. कशासाठी काका? कोण लागतात त्या तुमच्या?"

"कोणी नाही. मला तर त्या आवडतही नाहीत," कात्री म्हणाला, आणि ते खरंच होतं.

संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं, कात्री चोरीत सापडला. ज्यांना त्यानं पकडलं होतं ते खरोखरच त्याच्या दारावरून मुद्दाम खाकरत गेले. एक जण तर पेढे वाटल्यासारखा घरोघर सांगत सुटला. बायको खिडकी लावून घेत म्हणाली, "बघा, तुमच्यामुळे किती लोक आनंदात आहेत."

ही बातमी बाईंपर्यंत बुधवारी पोहोचली. त्या कात्रीकडे आल्या नाहीत, आभारबिभार मानले नाहीत. शेजारणीला दोन तास धाकटीजवळ बसवलं आणि सरळ ऑफिसात जाऊन साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. निलंबनाच्या कागदावर सही करायला बोलावलेला कात्री तिथेच भिंतीला लागून उभा होता. बाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"माझ्या घरी झालेल्या चोरीचा पंचनामा दाखवा," त्या म्हणाल्या.

साहेबांनी दाखवला. बाईंनी तो पहिल्या ओळीपासून वाचला. "यात चूक आहे."

कात्री म्हणाला, "बाई, शुद्धलेखन नंतर बघा."

"शुद्धलेखन नाही. चोराचं नाव चुकलंय." त्या साहेबांकडे वळल्या. "घर माझं. वीज माझ्या घरात येते. रविवारी यांनी जोडणी केली तेव्हा मला कळलं नव्हतं, पण सोमवारी शेजाऱ्यांकडे वीज गेली आणि माझ्याकडे राहिली, तेव्हा काय ते कळलं. कळल्यावरही मी ती वापरली. आजही वापरतेय. उद्याही वापरणार आहे. म्हणजे चोरी कोणाची?"

"बाई, काहीतरीच काय!" कात्री पुढे आला. "दंड बसेल. पोलीस येतील घरी. मी लिहिलंय ना माझं नाव? मला निलंबित करून झालंय, एकाच माणसाला दोनदा थोडंच करणार आहेत? गप घरी जा."

"तुम्ही मला शिकवू नका," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं पोरांना सांगत आले की आपली चूक दुसऱ्याच्या पाटीवर लिहू नये. आणि आता तुमच्या पेन्शनवर माझी बहीण श्वास घेणार? मला नाही चालायचं." त्यांनी साहेबांपुढे हात केला. "कबुलीजबाबाचा अर्ज असेल ना? द्या."

अर्ज होता. त्या ऑफिसात मेलेल्याच्या मुलीला यादीत घालायला अर्ज नव्हता, पण चोराला कबुली द्यायला होता. साहेबांनी तो नाइलाजानं काढून दिला. "पण मॅडम, जोडणी तुमच्या वडिलांच्या नावावर आहे. ग्राहक समक्ष नसताना..."

"कबुली आरोपीनं द्यायची असते. आरोपी समक्ष बसलाय," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

जन्मात कधी बसमध्ये बिनतिकिटाची बसली नव्हती ही बाई. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, वय लिहिलं. प्रत्येक अक्षर फळ्यावर काढावं तसं वेगळं. पुढे छापील ओळ होती, 'चोरीचा उद्देश', आणि शेजारी तीन चौकोन. घरगुती, व्यापारी, इतर. बाईंनी 'इतर'वर खूण केली. तपशिलाला एकच ओळ ठेवली होती. कोणी कधी भरतच नसे.

तिथे बाईंनी लिहिलं, 'धाकट्या बहिणीला दुपारी दोन ते चार जिवंत ठेवणे.'

खाली सही केली, तारीख घातली आणि कागद साहेबांपुढे सरकवला. "वाचून पोच द्या," त्या म्हणाल्या. "शिक्का नंतर मारा. आधी वाचा. मोठ्यानं."

साहेबांनी कागद हातात घेतला. पहिल्या तीन ओळी त्यांनी वाचल्या. चौथ्या ओळीला ते थांबले, आणि बाई खुर्चीत ताठ बसून वाट बघत राहिल्या.